एकेचाळीस सेकंदांचं भाषांतर

रेकॉर्डिंग एकेचाळीस सेकंदांचं होतं. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका केबिनमध्ये कंपनीच्या मालकांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच सगळं कळलं. तरी मी म्हणाले, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. कळलं नव्हतं म्हणून नव्हे, तोंड उघडायची हिंमत होत नव्हती म्हणून.

"काय म्हनून राहिला तो?" मालकांनी विचारलं.

"सांगते. आधी पाणी द्या."

मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षांपासून फ्रेंच शिकवते. शनिवार-रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जाते, तिथे माझी खासगी बॅच असते. वऱ्हाडात फ्रेंच कोण शिकतं, असं पुण्याचे लोक मला हसत हसत विचारतात. भरपूर पोरं शिकतात. कारण फ्रेंच हा 'स्कोरिंग' विषय आहे. म्हणजे मराठीत जीव काढला तरी सत्तरच्या आसपास अडकणारं पोरगं फ्रेंचमध्ये पंच्याण्णव आणतं. त्या मार्कांनी एकूण टक्केवारी वर जाते, आईबाप खूश होतात, कॉलेज फ्लेक्स लावतं. फ्रान्सशी कुणाचं काही देणंघेणं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकून कशी धरायची हे शिकवण्यात माझी हयात गेली.

या कंपनीत कापसाच्या जिनिंगची यंत्रं बनतात. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र म्हणजे जिन. पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांत कापूस आपल्यासारखाच पिकतो, आणि तिथले लोक फ्रेंच बोलतात. कंपनीने तिकडे यंत्रं विकली. यंत्र बसवायला इथला फिटर जातो. त्याला हिंदी-मराठी येतं, तिथल्या माणसांना फ्रेंच. मग मध्ये एक दुभाषी लागतो. विमानाने दोन माणसं पाठवणं महाग पडतं, म्हणून मालकांनी शक्कल काढली. दुभाषी अकोल्याच्या ऑफिसात बसेल, दोन्हीकडचे लोक त्यालाच फोन करतील, आणि ते फोन रेकॉर्ड होतील.

दोन वर्षांपूर्वी मालकांचा मला फोन आला होता. "मॅडम, फ्रेंचवाली एखादी पोट्टी आहे का तुमच्याकडे? हुशार पाहिजे."

मी एका दमात वैष्णवीचं नाव सांगितलं. शेंदूरजनाघाटची मुलगी, घरची संत्र्याची बाग. अमरावतीला मावशीकडे राहून शिकली. बारावीला फ्रेंचमध्ये शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. बी.कॉम. करताना माझ्याकडे आणखी एक कोर्स केला. नम्र, वेळेवर येणारी, अक्षर मोत्यासारखं. मालकांनी शिफारसपत्र मागितलं. मी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून दिलं की हिचं फ्रेंच 'फ्लुएंट' आहे.

हे खोटं होतं, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. फ्रेंच शिकायच्या सहा पायऱ्या असतात. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ए-टू म्हणजे दुकानात वस्तू मागता येते, घरच्यांची ओळख करून देता येते. बी-टू म्हणजे समोरचा भरभर बोलला तरी कळतं, आणि नाही कळलं तर त्याला अडवून विचारता येतं. फोनवर दुभाष्याचं काम बी-टूच्या खाली कुणी करू नये. वैष्णवी ए-टू होती, तीही कागदावर. पण नोकरी वऱ्हाडातलीच, मुलगी गुणी, आणि माझ्या बॅचच्या जाहिरातीत 'आमची विद्यार्थिनी एक्सपोर्ट कंपनीत' ही ओळ शोभून दिसणार होती. शिकेल काम करता करता, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य आळशी मास्तरांच्या फार कामाचं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना माझी मलाच लाज वाटते.

बारावीला तोंडी परीक्षा असते, वीस मार्कांची. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचा. पण या भागात फ्रेंच शिकवणारे आम्ही मोजकेच. मी त्यांच्या पोरांची परीक्षा घ्यायची, त्यांनी माझ्या. कुणी कुणाच्या पोराचं नुकसान करायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. तरी पोरं घाबरायची. म्हणून मी दर बॅचला एक युक्ती शिकवायचे. प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका, 'आं?' करू नका. हसा आणि म्हणा, "वी, मादाम. ब्यां स्यूर. दाकोर." म्हणजे हो मॅडम, नक्कीच, ठीक आहे. नंतर 'मेर्सी बोकू', म्हणजे खूप खूप आभार. आणि मग पाठ केलेला परिच्छेद सुरू करा. माझं कुटुंब, माझं गाव, माझा आवडता सण. परीक्षक निम्मं ऐकतो आणि अठरा देतो. मी वर्गात हे घोकून घ्यायचे, अगदी हसण्यासकट. "दात दिसले पाहिजेत," असं म्हणायचे. पोरं खळखळून हसायची.

तर त्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं ते सांगते.

बार्शीटाकळीचे गजाननभाऊ या कंपनीचे सगळ्यात जुने फिटर. ते तिकडे यंत्र बसवत होते. यंत्राखाली सरकी पुढे ढकलणारा एक लांब स्क्रू असतो, लोखंडी पात्यांचा. त्यात एक बोल्ट पडून अडकला होता. गजाननभाऊंनी वैष्णवीला फोन करून सांगितलं, लाइन बंद ठेवायला सांग, मी आत हात घालतो आहे. वैष्णवीने तो निरोप नीट दिला. हे वाक्य तिने वहीत लिहूनच ठेवलं होतं. लाइन बंद झाली. वीसेक मिनिटांनी तिथल्या सुपरवायझरचा वैष्णवीला फोन आला. वीज देण्याचं पॅनल दुसऱ्या इमारतीत, तिथून तो बोलत होता. मागे जनरेटरचा आवाज. तो म्हणाला, "इलेक्ट्रिशियन आला आहे. दोन मिनिटं लाइन देऊन बघायची आहे. तुमचा माणूस अजून मशीनमध्ये आहे, की बाहेर आला? चालू करू का आम्ही?"

आणि माझ्या वैष्णवीचा गोड, स्वच्छ आवाज. "वी, मस्यू. ब्यां स्यूर."

त्याने पुन्हा विचारलं. "म्हणजे चालू करू ना?"

"वी, वी. दाकोर. मेर्सी बोकू."

ती बोलताना हसते आहे हे मला आवाजावरून कळत होतं. दात दिसत असणार.

गजाननभाऊंचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला.

मी हे सगळं मालकांना मराठीत सांगितलं. टेबलावर तिकडच्या गिऱ्हाइकाचं पत्र होतं. तुमचा फिटर न सांगता चालू यंत्रात शिरला, स्वतःच्या हलगर्जीपणाने जखमी झाला, असं त्यात होतं. विमा कंपनीला रेकॉर्डिंगचं भाषांतर हवं होतं, जाणकाराच्या सहीचं. मोबाइलच्या अ‍ॅपला त्या गोंगाटात काही धड लागलं नव्हतं. म्हणून मला बोलावलं होतं.

"मॅडम," मालक म्हणाले, "आवाज लय खराब आहे, नाई का?"

"मला ऐकू आला."

"तुमाले आला. दुसऱ्याले येनार नाई. तुमी एवढंच लिहा का आवाज क्लिअर नाई. पोट्टीचं नाव वाचते, कंपनीचं वाचते. तुमचंबी वाचते, मॅडम. पत्र तुमीच देल्लं होतं ना?"

"आणि गजाननभाऊ?"

"त्याले मी सोडनार नाई. स्टोअरमध्ये बसवतो, जिंदगीभर पगार देतो. पन हलगर्जी त्याची होती असं झालं, तर कोनाचं काय बिघडते? त्याचा हात तं गेलाच."

माणूस दुष्ट नव्हता. गजाननभाऊंना परत आणून अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे तो रोज जात होता. ऐकताना मला त्याचं बोलणं पटलं, हे कबूल करते. सोमवारपर्यंत देते असं सांगून मी रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर घेतलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी रविवारी बॅच सुटल्यावर वैष्णवी आली. कंपनीने तिला रजेवर पाठवलं होतं. डोळे सुजलेले. आपण फोनवर काहीतरी 'हो' म्हटलं एवढंच तिला ठाऊक होतं. कशाला हो म्हटलं ते अजूनही माहीत नव्हतं, आणि तिला ते कुणी सांगितलंही नव्हतं.

"मॅडम, मले आयकायचं आहे."

मी लावलं. ती खाली बघून ऐकत होती. दोनदा ऐकून म्हणाली, "नाई समजत. लय भरभर बोलून राहिला तो."

मग मी एक कागद घेतला. सुपरवायझरची वाक्यं जशीच्या तशी फ्रेंचमध्ये लिहिली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने कागद हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात मराठीत सांगितला. एकही चूक नाही. सगळे शब्द आमच्याच पुस्तकातले होते. अकरावीचे. तिने ते पाठ केले होते, वापरून वाक्यं लिहिली होती, मी त्यांवर लाल पेनाने 'उत्तम' असा शेरा दिला होता. कागदावर ते तिला येत होते. फक्त माणसाच्या तोंडून आलेले तिला ओळखू येत नव्हते, कारण वर्गात मीसुद्धा फ्रेंच मराठीतूनच शिकवत असे.

शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. "'चालू करू ना?'" तिने पुन्हा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवला.

"समजलं नाही, असं काहून नाही म्हटलंस?" मी विचारलं. आवाज नको तेवढा चढला होता.

"असं म्हनायचं नसते ना, मॅडम," ती म्हणाली. "तुमीच सांगतलं होतं."

तिने ते टोमण्याने म्हटलं नाही, तक्रारीनेही नाही. बाईंनी सांगितलेला नियम बाईंनाच पुन्हा सांगावा तसं म्हटलं. ऑफिसातही ती तसंच करत आली होती. दोन वर्षं. फोन आला की हसून हो म्हणायचं, आणि मग 'जरा ईमेल करा' अशी विनंती करायची. ईमेल आली की ती शब्दकोश घेऊन बसायची आणि चोख भाषांतर करायची. मालक खूश होते. त्या दिवशी ईमेलला वेळ नव्हता.

मी तिला मालकांचा प्रस्ताव सांगितला. तो लपवण्यात अर्थ नव्हता. "आवाज स्पष्ट नाही असं मी लिहिलं, तर तुझ्यावर काही येणार नाही."

तिने पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसले. "आनं गजाननकाका काय म्हंतात?"

"मी भेटले नाही अजून."

"आधी त्याइले भेटा," ती म्हणाली. "माह्याशी ते बोलनार नाईत. मले जायची हिंमत बी नाई."

सोमवारी मी कॉलेजला रजा टाकली आणि दवाखान्यात गेले. गजाननभाऊ पलंगावर टेकून बसले होते. पन्नाशीचा माणूस, शांत, दाढी वाढलेली. हात पांढऱ्या पट्टीत. मी वैष्णवीची बाई आहे म्हटल्यावर त्यांनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली.

"मॅडम, मले एकच सांगा," ते म्हणाले. "मी सांगतलं होतं का नाई?"

"म्हणजे?"

"पंचवीस वर्षं झाले, जिनात काम करून राहिलो. लाइन बंद केल्याबिगर मी हात घालत नाई. पोराइले बी हेच शिकोलं. आता सारे म्हंतात, गजानन न सांगता आत गेला. मालक म्हंतात, जाऊ दे, विसर. माही घरवाली म्हंते, तुमी विसरले असान. दवाईच्या गुंगीत मलेबी वाटून राहिलं, का खरंच मी विसरलो? हात गेला तं गेला, मॅडम. पन मी विसरलो होतो का?"

मी त्या माणसाला आवाज स्पष्ट नाही असं सांगू शकले नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं, निरोप पोचला होता, लाइन बंद झाली होती, आणि नंतर पोरीने न समजता हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि डाव्या हाताने ते नीट पुसता येईना.

"म्हंजे माही चूक नव्हती," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग, "पोट्टीले म्हना, राग नाई. पन एक डाव 'थांबा' म्हनायचं होतं. थांबा म्हनाले काय लागते?"

मी त्यांना सांगितलं नाही की 'थांबा' मी शिकवलंच नव्हतं.

बाहेर बाकावर बसून मी भाषांतर लिहिलं. शब्दाला शब्द, एकेचाळीस सेकंदांचं. खाली सही केली. मग दुसऱ्या कागदावर आणखी एक पत्र लिहिलं. दोन वर्षांपूर्वी मी दिलेलं शिफारसपत्र वस्तुस्थितीला धरून नव्हतं, विद्यार्थिनीची पातळी मला माहीत होती आणि ती या कामाला पुरेशी नव्हती. तेही जोडलं. मालकांनी दोन्ही वाचली. "तुमी तं सोतालेच लपेटलं, मॅडम," ते म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. हलगर्जीपणाचा ठपका गजाननभाऊंवरून निघाला. आता ते स्टोअरमध्ये बसतात, डाव्या हाताने सही करायला शिकले आहेत. नवीन फिटर तिकडे जातात तेव्हा पॅनलच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. हा नियम गजाननभाऊंनीच करायला लावला. वैष्णवीची नोकरी गेली. ठरत आलेलं लग्न मोडलं. ती शेंदूरजनाघाटला बागेवर असते. मी दोनदा फोन केला, आईने घेतला, "झोपली आहे," म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. माझ्या कॉलेजने मला एक मेमो दिला आणि मग सगळे विसरले. वैष्णवीच्या फोटोचा, अठ्ठ्याण्णव मार्कांचा फ्लेक्स मात्र गेटवर होता. काढा म्हटलं तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, अ‍ॅडमिशन त्याच्यावरच येतात." ऊन लागून तिचा चेहरा पांढरा पडेपर्यंत तो तिथे होता.

आजही पोरं विचारतात, मॅडम, फ्रेंचला स्कोप आहे का? आहे. भाषांतर आहे, पर्यटन आहे, एक्सपोर्ट आहे, परदेशी शिक्षण आहे. पण स्कोप बी-टूला आहे, अठ्ठ्याण्णव मार्कांना नाही. तिथवर जायला बारावीनंतर आणखी तीन-चार वर्षं, रोज कानाने ऐकत, तोंडाने चुकत काढावी लागतात. एवढी तयारी नसेल, तर मार्कांपुरतं शिका, पण ते तुम्हाला येतं असं कुणाला सांगू नका. हे सांगितल्यावर बॅच अर्धी झाली. ठीक आहे.

युक्ती शिकवणं मी त्याच आठवड्यात बंद केलं. आता पहिल्या तासाला फळ्यावर पहिलं वाक्य लिहिते, "ज ने पा कोंप्री." मला समजलं नाही. वर्षभर तेच घोकून घेते.

आणि माझ्या बॅचची सरावाची तोंडी परीक्षा घेते तेव्हा शेवटचा एक प्रश्न भरभर, तिकडच्या माणसासारखा विचारते. तुमचा माणूस अजून मशीनमध्ये आहे, चालू करू का? बाकी काही नाही. समजलं नाही म्हणा, थांबा म्हणा, पूर्ण मार्क.

गेल्या खेपेला चोवीस पोरं होती. पाच जणांनी समजलं नाही म्हणून सांगितलं. बाकीच्या एकोणीस जणांनी माझ्याकडे बघितलं आणि छान हसून सांगितलं, "वी, मादाम."

हसायचं त्यांना मी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी शिकवलं असणार.